पोळी जोडून दे म्हणे!

सकाळचे आठ दहा. साडेआठला व्हॅनवाले काका खाली हॉर्न मारणार, आणि आमचं चार वर्षांचं रत्न स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवं पडून भोकाड पसरतंय. का? तर मी पोळीचे दोन तुकडे केले. काल अख्खी दिली तर "तुकडे का नाही केलेस?" म्हणून रडारड. आज केले, तर "जोड!"

कशी जोडू? फेव्हिकॉल लावू? दुसरी अख्खी पोळी पुढे केली, तर "ही नाही, तीच!"

आणि ते सल्ले देणारे! सकाळी मोबाईल उघडला की कुणीतरी गोड हसत सांगत असतंच. म्हणे, मुलांना पर्याय द्या. दिला. "लाल फ्रॉक की निळा?" उत्तर, "रेनकोट." एप्रिल महिना, पुण्याचं ऊन चाळिशीला टेकलेलं, आणि हिला रेनकोट! म्हणे, खाली बसून डोळ्यांत बघून बोला. बसले. माझे गुडघे कडकड वाजले आणि तिने माझ्या नाकात बोट घातलं. म्हणे, भावनेला नाव द्या. "तुला राग आलाय ना, बाळा?"

"नाही. तुला आलाय."

आलाय! डोक्याच्या वर गेलाय!

माहितीये मला, स्वतःला आवरायचं काम मेंदूच्या पुढच्या भागाचं, आणि तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे अजून २१ वर्षं ही पोळी जोडत बसायची? माझी पस्तिशी उलटली तरी सकाळी साडेआठला माझाही तो भाग बंदच असतो.

त्यात सगळ्यात झोंबतं काय, तर माझीच वाक्यं मला परत मिळतात. "चप्पल घाल" म्हटलं की कमरेवर हात ठेवून, "आई, पाच मिनिटं थांब, मी कामात आहे." ओरडले की, "आवाज खाली." सासूबाई आतून, "आमची मुलं नव्हती बाई अशी." त्यांचा मुलगा त्या वेळी अंघोळीला जाऊन अर्धा तास झालेला. त्याच्याबद्दल बोलायलाच नको.

शेवटी रेनकोट घातला. एकदाची लिफ्टपर्यंत पोचलो आणि घाईत बटण मी दाबलं. संपलं! "मला दाबायचं होतं!" खाली पोचलो, तिथून परत चौथ्या मजल्यावर आलो, तिने बटण दाबलं, मग परत खाली. तोवर व्हॅन गेली होती.

स्कूटरवर नेलं. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला रेनकोटाकडे बघून वर आभाळाकडे बघायला लागला.

शाळेच्या दारात बाई म्हणाल्या, "अगंबाई, रेनकोट? काढ बघू."

काढला. घडी घालून माझ्या हातात दिला. बाई मला म्हणतात, "फार शहाणी आहे हो तुमची, एका शब्दात ऐकते."