दोनदा पॉझिटिव्ह म्हणजे तोच विषाणू टिकला, असं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

प्रतिक्रियेत तुम्ही चांगलंच सुनावलं आहे. ‘दहापैकी नऊ जणींचा एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरणारा विषाणू) दोनेक वर्षांत आपोआप जातो’ असं आमच्या लेखात ठोकून दिलंय, पण तुमच्या वहिनींचा रिपोर्ट गेल्या वर्षीही पॉझिटिव्ह होता आणि यंदाही आहे. गर्भाशयमुखात विषाणू आहे म्हणजे तोंडातही असणारच, मग तोंडाच्या तपासणीबद्दल चकार शब्द का नाही? आणि असं वाचून एखादी बाई निर्धास्त राहिली तर जबाबदार कोण? शेवटच्या प्रश्नातली कळकळ रास्त आहे. आधीच्या दोन्हींत मात्र गल्लत झाली आहे.

वहिनींचे दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा आणि विषाणूच्या प्रकाराचा क्रमांक शोधा. बऱ्याच टेस्ट १६ आणि १८ तेवढे वेगळे सांगतात, बाकीचे डझनभर ‘इतर हाय रिस्क’ (कॅन्सरचा धोका जास्त असलेले प्रकार) या एका ओळीत कोंबतात. गेल्या वर्षी ‘इतर’ आणि यंदाही ‘इतर’, एवढ्यावरून तोच विषाणू टिकला असं ठरत नाही. गेल्या वर्षीचा ३१ निघून गेला असेल, आताचा ५२ असेल. टिकला म्हणायचं तर प्रकार तोच हवा, जागा तीच हवी आणि दोन नमुन्यांत किमान सहा महिने ते वर्षाचं अंतर हवं. दर तीन महिन्यांनी टेस्ट करून हाती फक्त धास्ती लागते.

तरीही वहिनींनी कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी, करून घ्यावी, असंच आम्ही सांगू. १६ किंवा १८ एकदा आला तरी थेट कोल्पोस्कोपी, आणि ‘इतर’ वर्षभराने पुन्हा आला तरीही कोल्पोस्कोपी. प्रकार कळला नसेल तर संशयाचा फायदा विषाणूला द्यायचा नसतो.

कोल्पोस्कोपीत गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावतात आणि पूर्ण एक मिनिट थांबतात. बिघडलेल्या पेशींचा भाग दाट पांढरा, रेखीव कडेचा दिसू लागतो. बायोप्सी तिथूनच घ्यायची. घाई केली तर पांढरेपणा उमटायच्या आतच ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होतात. दुसरी अडचण वयाची. पाळी गेल्यावर दोन प्रकारच्या पेशी जिथे मिळतात ती सीमा आत गर्भाशयमुखाच्या नळीत सरकते, आणि विषाणूचा मुक्काम नेमका तिथेच असतो. म्हणून रिपोर्टमध्ये ‘सीमा पूर्ण दिसली का’ हे लिहिलेलं हवं. दिसली नसेल तर नळीतूनही नमुना घ्यावा लागतो.

पन्नाशीत पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं म्हणून घरात नवऱ्याची उलटतपासणी सुरू करू नका. हा विषाणू वर्षानुवर्षं दबून राहून पुन्हा वर येऊ शकतो.

आता तोंडाचं. गर्भाशयमुखात एचपीव्ही असलेल्या स्त्रीच्या तोंडात तो सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते हे खरं, पण ‘असणारच’ हे खरं नाही, आणि दोन्हीकडे सापडला तरी प्रकार पुष्कळदा वेगळे निघतात. अमेरिकेत २००९-१० मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत तोंडातला एचपीव्ही पुरुषांत १०.१ टक्के, तर स्त्रियांत ३.६ टक्के होता. संशोधनात ३० सेकंद गुळण्या करून नमुना घेतात. त्यात विषाणू सापडला तरी तो कुठे बसलाय ते कळत नाही, आणि टॉन्सिलच्या खोल खाचांत दडला असेल तर गुळणीत उतरतही नाही. घशासाठी पॅप स्मिअरसारखी (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन करायची तपासणी) सोय नाही, त्यामुळे पॉझिटिव्ह आल्यावर पुढे काय, याला उत्तर नाही. म्हणून ठणठणीत माणसाने ही टेस्ट करावी अशी शिफारस कुठेच नाही, आणि म्हणूनच लेखात ती नव्हती. गाल-हिरड्यांच्या कॅन्सरचं आपल्याकडचं मुख्य कारण तंबाखू, मिश्री आणि सुपारी आहे. मिश्री लावणाऱ्या बाईने गुळण्यांच्या टेस्टवर पैसे घालवण्यापेक्षा तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दाखवावा. मानेत न दुखणारी गाठ आली तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जावं.

निर्धास्त राहण्याबद्दल म्हणाल, तर धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या लाखावर बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. टेस्ट तिशीनंतर करायची ती एवढ्याचसाठी: विशीतले बहुतेक संसर्ग येऊन जातात, तिशीनंतर सापडलेल्यात टिकलेल्यांचं प्रमाण वाढतं. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात, पण एचआयव्हीवर उपचार नसतील तर ५ ते १० वर्षांतही वेळ येते. ‘आपोआप जातो’ हे वाक्य अशा बाईसाठी नाही. तिने तपासणी २५ व्या वर्षीच सुरू करावी.

लस झालेला संसर्ग घालवत नाही, मग ती आपल्या पुण्याच्या सीरमची ‘सर्वाव्हॅक’ असो की परदेशी. ती वहिनींच्या मुलीला द्या, ९ ते १४ या वयात.

वहिनींची कोल्पोस्कोपीची तारीख पाळीच्या दिवसांत नको, आधीचे दोन दिवस योनीत गोळी किंवा क्रीम नको, आणि दोन्ही वर्षांचे रिपोर्ट सोबत न्या.