थायलंडचं नाव घेता, तर पुरतं घ्या

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरहून दर हंगामात एकाच साच्यातली बातमी येते. सातपुड्याच्या पायथ्याशी वनजमिनीवर तुरी-कपाशीच्या आडोशानं लावलेला गांजा पोलिसांनी उपटला, मुद्देमाल इतक्या कोटींचा, आणि उपटलेल्या झाडांमागे उभं राहून काढलेला फोटो. फोटो घरच्या ग्रुपवर पडला की दोन तट पडतात. मामा लिहितात, "एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लावा, सडू द्या दहा वर्षं." मामेभाऊ लिहितो, "थायलंडनं खुला केला, आपण कधी शहाणे होणार?" मग दोघंही मला टॅग करतात. मी थायलंडच्या उत्तरेला चिआंग माई शहरात राहते, म्हणजे इथलं सरकार जणू मला विचारूनच चालतं!

आधी मामेभावाचं. जून 2022 मध्ये गांजा खुला झाला, कबूल. आमच्या शहरातल्या निम्मन भागात हिरव्या पानाच्या पाट्यांची रांग लागली. जून 2025 मध्ये सरकारनंच पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. दुकानं शहरातली, भांडवलही शहरातलं. त्यानं डोंगरातल्या कुणाचं घर उभं राहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

थायलंडकडून शिकायचंच तर अफूचं प्रकरण बघा. इथल्या डोंगरांत ह्मोंग, लाहू, आखा लोक अफू पिकवायचे. 1959 पासून बंदी होती, तरी पिकवायचे. कारण साधं आहे. अफू गाठोड्यात मावते, नासत नाही, तिला पक्का रस्ता लागत नाही आणि व्यापारी दारात येऊन रोख पैसे मोजतो. पाड्यावरून टोमॅटो बाजारात पोचेस्तोवर त्याचा लगदा होतो. हे मामांना कितीदा सांगितलं, पण त्यांना पाटील-पोलीस सोडून तिसरा उपाय ठाऊक नाही.

1969 मध्ये राजे भूमिबोल यांनी 'रॉयल प्रोजेक्ट' सुरू केला. ह्मोंग शेतकऱ्यांशी बोलताना त्यांना कळलं होतं, की गावठी पीचमधूनही अफूइतके पैसे सुटतात. दोई आंगखांग या डोंगरावर पहिलं केंद्र झालं. पीच, प्लम, राजमा, अरेबिका कॉफी, पुढे स्ट्रॉबेरी आणि लेट्यूस. अफूची शेतं तोडायला सरकार नेटानं डोंगर चढलं ते 1984 च्या सुमारास. मधली पंधरा वर्षं बियाणं, रस्ता, गिऱ्हाईक यांत गेली. आपल्याकडे पंचनामा पहिला, रोपं नंतर, आणि नंतर म्हणजे बहुधा कधीच नाही. 1988 मध्ये राजमातेनं दोई तुंग या दुसऱ्या डोंगरावर काम उभं केलं, तेही सरकारी जंगलाच्या जमिनीवर. लोकांना हुसकावलं नाही. आधी झाडं लावायची मजुरी दिली, मग कॉफी आणि मॅकाडेमिया या सुक्या मेव्याची कामं दिली.

इथलं एक संकलन केंद्र मी पाहिलंय. पत्र्याची शेड, लांब टेबल. बाई लेट्यूसची बाहेरची पानं सुरीनं सपासप उतरवते, गड्डे क्रेटमध्ये रचते, वर तिच्या नावाची चिठ्ठी. काटा, प्रतवारी, नोंद. नापास गड्डे डुकरांना. भाव तिला फार आवडत नव्हता, ती कुरकुरत होती. पण गाडी रोज येते, यावर तिचा विश्वास होता.

वहिनी वाचन असलेली. तिनं लगेच 2003 काढलं: त्या वर्षीच्या अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत तीन महिन्यांत दोन हजारांवर माणसं मारली गेली, ते कोणत्या प्रकल्पात बसतं? बरोबर आहे तिचं. डोंगरातल्या कितीतरी लोकांना अजून नागरिकत्वाचा कागद नाही, मार्चमध्ये मका जाळल्याच्या धुरानं आमचे डोळे चुरचुरतात, हेही खरंय. मला ते माहीत आहे. फक्त धुळ्यात बसून कुणी ते काढलं की मी इथल्यांपेक्षा जास्त थाई होते. तसं थाई कुणी मला म्हणत नाही. परदेशी माणसानं दर नव्वद दिवसांनी द्यायचा पत्त्याचा रिपोर्ट आला की मी फाईल घेऊन मुकाट रांगेत.

आणि शिरपूरची तरी मी किती? आंगखांगची वळणं मला पाठ आहेत. पावरा आदिवासींचे पाडे मात्र मी आग्रा रोडवरच्या एस्टीच्या खिडकीतून बघितले. आमचं किराणा दुकान होतं. पावरा बायका बाजाराच्या दिवशी मोहाची फुलं, चारोळी आणायच्या, मीठ-तेल न्यायच्या. तागडी आमची, भावही आमचा. पाड्यावर जाऊन माल घ्यावा असं आमच्यात कुणाला कधी वाटलं नाही. कशाला वाटेल, त्या पायी चालत येतच होत्या की. गांजावाला मात्र वर गेला. मामा ज्याला गुन्हेगारी जाळं म्हणतात, ते एवढंच.

"तुला तिथं बसून बोलायला काय जातं?" असं मामांनी काल विचारलं. काही जात नाही. पण शेजारच्या नंदुरबारात धडगावचं आमचूर नावाजलेलं आहे, तिथल्याच डाब गावच्या थंडीत स्ट्रॉबेरीसुद्धा होते. म्हणजे जमीन नालायक नाही आणि माणसंही नाहीत. शिरपूर तालुक्यातल्या बोराडीला तूर, चारोळी, आमचूर जागेवर तोलून रोख पैसे देणारं केंद्र काढा. दोन वर्षांत नफा नाही म्हणून कुलूप लावू नका, पंधरा वर्षं चालवा. वनहक्काचे दावे तेवढ्यात निकाली काढा. त्यानंतरही कुणी तुरीत गांजा लावला, तर खुशाल पोलीस पाठवा.