मांडीवरचे लेकरू आणि दोन क्विंटलचा हिशेब

गेल्या महिन्यात दारव्ह्याला बहिणीकडे गेलो होतो. जावईबापूंनी नवी छोटी गाडी घेतली आहे आणि मला बसस्टँडवर घ्यायला ते तीच घेऊन आले होते. मागे बसून सीटबेल्ट शोधला, तर तो सीटच्या कव्हराखाली दाबलेला होता. पुढे पाहिले तर चालकाच्या बकलमध्ये पट्ट्याऐवजी एक चकचकीत क्लिप खोचलेली होती. "दादा, ते काढू नका, टूं टूं वाजत राहते," असे जावईबापू म्हणाले. त्यांच्या शेजारी बहीण आणि तिच्या मांडीवर अडीच वर्षांची भाची होती. या साऱ्याचे मूळ मोबाइलवर फिरत आलेल्या एका संदेशात निघाले, आणि तो संदेश आता आमच्या घरातल्या गटावरही पोहोचला आहे.

संदेश थोडक्यात असा: छोट्या गाड्या म्हणजे टिनाचे डबे, त्यापेक्षा जुनी जाड पत्र्याची गाडी बरी. एअरबॅग ही कंपन्यांची लूट आहे, तरी ती असलीच तर पट्ट्याची गरज उरत नाही. लेकराला समोर आईच्या मांडीवर बसवावे, आईच्या हातांइतके सुरक्षित काही नाही. धडक-चाचणीत गाडीला मिळणारे सुरक्षेचे तारे पैसे मोजून मिळतात. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, खेड्यात कुचकामी आहे. पुढे लोखंडी गार्ड बसवावे. आणि आपल्या रस्त्यांवर चाळीसच्या वर जातोच कोण?

संदेशाचा क्रम मी पाळणार नाही, कारण मांडीवरच्या लेकराचा मुद्दा बाकी साऱ्यांहून घातक आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी बाभळीवर आदळली आणि पुढचा भाग साठ सेंटिमीटर चेपून थांबली, तर आतल्या प्रत्येक माणसाला थांबवण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे 16 पट जोर लागतो. भाचीचे वजन 12 किलो आहे. म्हणजे त्या क्षणी बहिणीला दोन हातांनी जवळजवळ दोन क्विंटल धरून ठेवावे लागतील. दोन क्विंटल कापूस उचलायला किती हमाल लागतात, हे जावईबापूंना मी सांगण्याची गरज नाही. आईने पट्टा लावलेला नसेल तर तिचे स्वतःचे वजनही त्याच पटीने लेकराच्या पाठीवर येते आणि लेकरू डॅशबोर्ड व आई यांच्यामध्ये सापडते. दोघींना एकाच पट्ट्यात गुंडाळले, तरी आईचा भार लेकराला पट्ट्यावर चेपतो. त्यातच डॅशबोर्डमधली एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगून बाहेर येते. ती मोठ्या माणसाच्या छातीच्या अंतराचा हिशेब करून बसवलेली असते, आणि मांडीवरच्या लेकराचे डोके मात्र तिच्या अगदी तोंडाशी असते. बहिणीच्या गाडीत तिच्या डोक्यावरच्या सनव्हायझरला लेकराच्या चित्रावर फुली मारलेले स्टिकर आहे. त्यावरचे प्लास्टिकही अजून निघालेले नाही. मोटार वाहन कायद्यातील 194-ब या कलमानुसार 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन लागते, नाही तर एक हजार रुपये दंड होतो. पण दंडाचा धाक दाखवून हे पटवावे लागावे, याचाच मला राग येतो.

"एअरबॅग असली की पट्टा नको" हा दावा याच गैरसमजाचा भाऊ आहे. पट्टा माणसाला मागे धरून ठेवतो आणि पिशवी त्याच्या उरलेल्या झेपेला झेलते. पट्टा नसेल तर फुगत्या पिशवीवर माणूसच जाऊन आदळतो. आपल्या बाजूचे काही लोक सांगतात की पट्टा न लावल्यास एअरबॅग उघडतच नाही. तेही सरसकट खरे नाही, आणि ती उघडते यातच तर धोका आहे. ती चकचकीत क्लिप गाडीला फसवण्यापुरतीच असते. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतून अशा क्लिपांच्या तेरा हजारांवर जाहिराती काढायला लावल्या. आमच्याकडे मात्र सीटकव्हराच्या दुकानदाराने ती गाडीसोबत भेट म्हणून दिली.

आता जाड पत्र्याकडे येऊ. 2014 च्या जानेवारीत गाड्यांची धडक-चाचणी घेऊन तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवल्या. अल्टो 800, नॅनो, आय-10, फिगो आणि पोलो या पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्याच पोलोला दोन एअरबॅग बसवून पुन्हा आदळवले, तेव्हा चार तारे मिळाले. पत्रा तोच होता आणि सांगाडाही तोच होता. ज्यांना एअरबॅग लूट वाटते, त्यांनी शून्य आणि चार यांतील फरक एकदा समजावून सांगावा. मात्र एक गोष्ट मला नाइलाजाने कबूल करावी लागते: त्या पाचांपैकी अल्टो, नॅनो आणि आय-10 यांचे सांगाडे इतके कमकुवत ठरले होते की नुसती एअरबॅग बसवून फारसे साधले नसते. "टिनाचा डबा" हे शब्द तेव्हा अगदीच हवेतले नव्हते. परंतु वाचवतो तो प्रवाशांभोवतीचा सांगाडा, बोटाने दाबून पाहायचा बाहेरचा पत्रा नव्हे. आणि पुढचा भाग चेपतो म्हणूनच धक्का आत कमी पोहोचतो. शिवाय ऑक्टोबर 2019 पासून विक्रीतल्या प्रत्येक मोटारीला ताशी 56 किलोमीटरची सरकारी धडक-चाचणी पार करावी लागते. संदेशात शिफारस केलेल्या जुन्या गाड्या तिच्या वाटेलाही गेलेल्या नाहीत.

तारे विकत मिळत असते, तर देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीच्या वॅगनआरला 2023 मध्ये प्रौढांसाठी एक आणि मुलांसाठी शून्य तारे मिळाले नसते. त्याच कंपनीच्या डिझायरने 2024 मध्ये प्रौढांसाठी पाच मिळवले. एवढे मात्र खरे की 2022 च्या मध्यात ग्लोबल एनकॅपच्या चाचणीचे नियम कडक झाले, त्यामुळे त्याआधीचे चार तारे आणि नंतरचे चार तारे एका काट्यावर तोलता येत नाहीत. तारे देणाऱ्या भारत एनकॅप या आपल्या सरकारी योजनेची चाचणीही कंपन्यांवर बंधनकारक नाही.

एबीएसबद्दल बोलायचे तर सुट्या मुरमावर ती असलेली गाडी कधी कधी थोडी पुढे जाऊन थांबते, हे मान्य. पण रात्री रोही (नीलगाय) आडवा आला किंवा दिवा नसलेली कापसाची ट्रॉली अचानक समोर दिसली, तर ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग वळते ते तिच्यामुळेच. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर काळी माती आणलेली असते, तेव्हा तर विचारायलाच नको.

लोखंडी गार्डांवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच कारवाईचे आदेश दिले आहेत, कारण ती चेपण्यासाठी ठेवलेल्या भागाला चेपू देत नाहीत. आणि चाळीसचा वेग म्हणजे सहा मीटरांवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून, खाली पडणे. शिवाय समोरून येणारा ट्रक चाळीसनेच येईल, असे वचन कोणी दिलेले नाही.

परतताना क्लिप मी काढून खिशात घातली. भाचीसाठी बालआसन मागवले आहे. ते येईपर्यंत गाडीचे दौरे बंद राहतील, असे बहिणीने सांगून टाकले. गार्ड मात्र अजून गाडीवरच आहे. रोह्यांचा त्रास फार आहे, तेव्हा तूर निघेपर्यंत ते राहू द्या, असे जावईबापूंचे म्हणणे आहे.