रियूची प्रगती, माझ्या अंगठ्याची अधोगती

'स्ट्रीट फायटर' या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा नवा भाग आला की लोक ग्राफिक्स बघतात. मी आधी त्यातल्या रियू या लढवय्याची मूव्ह-लिस्ट, म्हणजे चालींची यादी, उघडतो आणि धडधडत्या छातीने वाचायला घेतो. खरं तर या माणसाचं भांडवल तीन चालींचं. निळा गोळा फेकणारा हादोकेन, हनुवटीखालून उसळणारा शोर्युकेन आणि गरगरत लाथा घालणारा तात्सुमाकी. १९८७ पासून याच तीन. तरी दर भागात मी पुन्हा बालवाडीत.

त्या पहिल्या भागात रियूचे केस लाल होते आणि पायांत चक्क बूट होते. तेव्हाच्या एका मशीनवर नेहमीच्या बटणांच्या जागी मोठ्या गाद्या होत्या. त्यांच्यावर जितकी जोरात बुक्की, तितका रियूचा ठोसा जबर. म्हणजे शत्रूच्या आधी खेळणाराच जायबंदी! १९९१ च्या दुसऱ्या भागात मात्र ही विद्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. खाली, तिरकं, पुढे, ठोसा: हादोकेन. पुढे, खाली, तिरकं, ठोसा: शोर्युकेन. शिवाय शोर्युकेन उसळताना सुरुवातीचा क्षणभर रियूला काही लागतच नसे. कायम कोपऱ्यात कोंडला जाणाऱ्या माझ्यासारख्याला एवढं अभय पुष्कळ होतं. अंगठ्याने ते पाठ केलं आणि मी आयुष्यात स्थिरावलो.

मग १९९७ साली तिसरा भाग आला. तोवर एक गोष्ट पक्की होती. मार येताना दिसला की मागे दाबायचं, की रियू हात आडवे धरून अडवतो. आता म्हणे पुढे दाबा! ठोसा लागणार त्याच क्षणी त्याच्या दिशेने स्टिक ढकलली की 'पॅरी' होते आणि ठोसा वाया जातो. हा खेळ सेकंदाला साठ फ्रेम्सने धावतो, आणि 'त्याच क्षणी' म्हणजे त्यातल्या मोजक्याच. माझा मेंदू तेवढ्या वेळात फार तर 'अरे' म्हणतो. त्यात २००४ मध्ये जपानच्या दाइगो उमेहाराने, आयुष्याची पट्टी जवळजवळ संपलेली असताना, केन या लढवय्याला घेऊन समोरच्या खेळाडूच्या चुन-लीच्या लाथांचा अख्खा वर्षाव पॅरी करून दाखवला. तो व्हिडिओ जगभर फिरला. तेव्हापासून माझ्यामागे उभा राहणारा प्रत्येक जण सांगतो, "पुढे दाब की, सोपं असतं."

चौथ्या भागाने (२००८) पॅरी काढून घेतली आणि 'फोकस' दिला: एक फटका अंगावर झेलायचा आणि उलट मारायचा. त्याहून माझ्या मनासारखी निघाली 'अल्ट्रा' या महाफटक्याची पट्टी. ती मार खाऊन भरते. या कलेत मी निष्णात आहे. माझी पट्टी सदैव तुडुंब. पण ती वापरायला खाली-तिरकं-पुढे दोनदा फिरवून तिन्ही ठोसे एकदम दाबायचे. तेवढं होईस्तोवर पट्टीही जाते आणि मीही.

पाचव्या भागात (२०१६) पॅरी परतली, तीही खास रियूची कला म्हणून. दोन बटणं दाबली की झालं. घरात मी काही दिवस ताठ मानेने वावरलो. २०२३ साली सहावा आला आणि त्यात पॅरी सरसकट सगळ्यांना वाटून टाकली! पहिलवान, जादूगार, कालचं पोर, सगळे पॅरी करतात. रियूच्या वाट्याला काय? खाली, खाली, ठोसा दाबला की तो उभ्या जागी अंगात वीज भरून घेतो. पुढचा हादोकेन त्याने जबरदस्त होतो, मान्य. पण समोरचा तोवर हात जोडून थांबतो अशी काहीतरी समजूत दिसते. शोर्युकेनचं संपूर्ण अभय हवं तर आता 'ड्राइव्ह' नावाच्या शक्तीच्या पट्टीतल्या सहापैकी दोन खणांची किंमत मोजायची. इतकी वर्षं जे फुकट मिळत होतं त्याचं बिल आलं.

याच भागात 'मॉडर्न' नावाची सोय आहे. पुढे आणि एक बटण, निघाला शोर्युकेन. या सुखाची किंमत म्हणून एका बटणाने काढलेल्या चालीचा मार वीस टक्के कमी.

माझा भाचा अर्थातच मॉडर्नवाला. परवा त्याच्याच रियूने माझ्या रियूला हवेत उडवल्यावर त्याने विचारलं, "मामा, तू अजून ते पुढे-खाली-तिरकं का करत बसतोस?"

"माझा शोर्युकेन तुझ्यापेक्षा जास्त लागतो," मी म्हणालो.

"पण लागायला तो निघावा लागतो ना?"