कोरमला माणसं पाहिजेत

आमची कॉलनी लातुरातली, एनए म्हणजे बिगरशेती लेआउटची. चाळीसेक वर्षांपूर्वी इथं तूर उभी होती. काही गुरुजी आणि काही कारकुनांनी गृहनिर्माण संस्था नोंदवली, रान घेतलं, प्लॉट पाडले आणि नियमाप्रमाणे दहा टक्के जागा ओपन स्पेस म्हणून सोडली. ज्येष्ठांना तिथं मंदिर पाहिजे, पोरांना क्रिकेट, कारवाल्यांना पार्किंग. सध्या गाजरगवत आहे. त्याला कुणाचीच हरकत नाही.

मी संस्थेचा सचिव. ज्या सभेत माझी एकमतानं निवड झाली, त्या सभेला मी हजर नव्हतो.

१९६० च्या सहकार कायद्यानं वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, किती, तर दोनतृतीयांश सभासद किंवा वीस, यांतला कमी आकडा. वीस म्हणजे पंगतीची एक ओळ! पण ओळ बसायला समोर पत्रावळ लागते, अहवाल नाही.

फ्लॅटवाल्यांचं बरं असतं, दार लावलं की माणूस दिसत नाही. आमची सभा ओपन स्पेसवर, तिथल्या सतरंजीवरून प्रत्येकाचं फाटक दिसतं आणि प्रत्येक फाटकात एक सभासद.

"या की सर!"

"तुम्ही करा चालू, येऊ लालो."

सर येणार नाहीत, कारण सरांनी नोटीस नीट वाचलीय. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, अर्ध्या तासानं तिथंच पुन्हा भरते आणि मग कोरम लागतच नाही. हा तहकुबीचा अर्धा तास मात्र फार रंगतो. चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा आला की सगळी फाटकं रिकामी होतात. कुणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, इथपर्यंत चर्चा जाते, पण सतरंजीबाहेर उभ्यानं. बसलं की सही आली आणि सही केली की मागची थकबाकी निघते. थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं, हे कलम मी एकदा वाचून दाखवलं, तर एका काकांनी विचारलं, "सावकारी तुमच्या घरातली, का सासरकडची?"

तशी ही जागा दोनदा भरलेली मी पाहिलीय. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कित्येक रात्री घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. अख्खी कॉलनी इथं चटया टाकून. तेव्हा सभा कुणाला सुचणार! दुसऱ्यांदा २०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या दिवसांत टँकर इथंच थांबायचा. तेव्हा कुणीही "येऊ लालो" म्हणालं नाही.

यंदा बिनकोरमाच्या सभेत आम्ही ओपन स्पेसला तारेचं कुंपण घालायचा ठराव केला. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या फाटकात ही गर्दी. "आम्हाला न विचारता ठराव?" मी माणसं मोजली. वीसच्या वर! लगबगीनं आत जाऊन हजेरीपुस्तक आणलं, तोवर बाहेर फक्त दूधवाला उरला होता.

तो सही करायला तयार होता.