माटुंग्याची दोन कॉफी

माझा मुलगा कॉफी पीत नाही. लहानपणापासून त्याला त्या वासानंच नको होतं. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात एका दुपारी बँकेचा मेसेज आला, माटुंगा स्टेशनजवळचं उडप्याचं हॉटेल, ८० रुपये, तेव्हा ऑफिसात बसल्या बसल्या मी हिशोब मांडला. तिथे फिल्टर कॉफी ४० ला. (खातं त्याचं, पण अठरा पूर्ण नाहीत म्हणून नंबर माझा जोडलेला. हे तो साफ विसरला होता.) ८० मध्ये काहीतरी खाल्लंही असेल म्हणून मी सोडून दिलं. पण मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी तेच. त्याच हॉटेलात, क्लास सुटायच्या वेळेला, बरोब्बर ८०.

तीन आठवडे मी तोंड उघडलं नाही. माझ्या स्वभावाला हे झेपणारं नव्हतं, तरी.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बारावी होऊ दे, मग बघू." जणू प्रेम म्हणजे स्कूटी, बारावीच्या निकालानंतर घेऊन द्यायची! नणंद म्हणाली, "मुलगा आहे गं, तुला कसलं टेन्शन? मुलीच्या आईला विचार." हे वाक्य मला इतकं लागलं की त्या दिवशी मी तिच्याशी धड बोललेच नाही.

टेन्शन आहे, आणि ते मुलाच्या आईलाही असलंच पाहिजे. 'पोरांनी प्रेमात पडलेलं कितव्या वर्षापासून चालेल' असं सगळे एकमेकांना विचारतात. मला खात्रीनं ठाऊक असलेला आकडा एकच, अठरा, आणि तो कायद्याचा आहे. पूर्वी संमतीचं वय सोळा होतं. २०१२ मध्ये पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, आला, पुढच्या वर्षी दंडसंहितेतही बदल झाला, आणि ते अठरा झालं. प्रेमात पडायला कायद्याची आडकाठी नाही. पण शारीरिक जवळिकीचा प्रश्न आला की अठराच्या आतल्या मुलीची किंवा मुलाची 'हो' कायद्याच्या लेखी 'हो' नसतेच. दोघंही सतरा वर्षांची असली तरी पोलिसांत जातं बहुधा मुलाचंच नाव. अशा कितीतरी खटल्यांत तक्रार मुलीच्या घरच्यांनी केलेली असते, हे न्यायालयांनीही निकालांत लिहून ठेवलंय. २०२३ मध्ये विधी आयोगानं, म्हणजे सरकारला कायद्यांबद्दल सल्ला देणाऱ्या मंडळानं, हे वय खाली आणू नये असंच सांगितलं. सोळा ते अठरामधल्या राजीखुशीच्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना थोडी मोकळीक असावी, एवढंच सुचवलं. फोटोंचं तर आणखी अवघड. अठराखालच्या कुणाचाही तसला फोटो मागणं, पाठवणं, फोनमध्ये ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो तिनं आपणहून का पाठवलेला असेना.

हे सगळं मी त्याला सांगितलं. एका रविवारी, मटार सोलताना. समोरासमोर बसून असलं बोलता येत नाही, दोघांचे हात कशात तरी गुंतलेले हवेत. तो मान वर न करता म्हणाला, "आई, आम्ही फक्त कॉफी पितो." मी म्हटलं, "तू पितोस?" तर म्हणाला, "नाही, माझी पण तीच पिते."

मला हसू आवरेना.

आता माझं मत. सोळा की अठरा हा वाद आपण आपल्या सोयीसाठी घालतो. एकदा आकडा ठरला की पोराकडे बघायचे कष्ट वाचतात. मी बघते ते वेगळंच. उशीर होणार असेल तर फोन करतो का? मित्रांनी भरीला घातलं तर "मी येत नाही" म्हणता येतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरचा नाही म्हणाला तर याचं काय होतं? आमचा हा दहाव्या वर्षी सोसायटीच्या टीममध्ये घेतलं नाही म्हणून बॅट फेकून आला होता. पंधराव्या वर्षी वगळला तेव्हा तोंड पाडून बाकड्यावर बसला, पण मॅच संपेपर्यंत बसला. मी ही नोंद मनात ठेवली होती. कशासाठी, ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं. मुलग्यांना आपण कुणी नाही म्हणू देतच नाही. मागतील ते ताटात. मग एखादी पोरगी नाही म्हणते तेव्हा यांना तो अपमान वाटतो. आणि याची तयारी सोळाव्या वर्षी सुरू करू म्हटलं तर फार उशीर झालेला असतो.

दुसरं म्हणजे, या शहरात पोरांनी जायचं कुठे? मी लालबागच्या चाळीत वाढले. तिथे प्रेम करायला जागा नव्हती, पण बघायला अख्खी गॅलरी होती. आमचा फोन म्हणजे शेजारच्यांच्या घरचा, त्याला पीपी नंबर म्हणायचे, त्यावर कुणा मुलाचा फोन आला की हाक मारणाऱ्या काकूंच्या आवाजावरूनच कळायचं. गणपतीच्या दहा दिवसांत काय ते बोलणं, तेही आरतीच्या गर्दीत. जाच होताच, मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण कुणाची पोर कुठे आहे हे वीस दारांना ठाऊक असायचं. आता चाळीच्या जागी टॉवर आहे, एकविसाव्या मजल्यावर बंद दार आहे, आणि दाराआड पोराच्या हातात फोन. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ओळखीचे आजोबा, मरीन ड्राइव्हला ऊन नाहीतर पोलीस. मग जातात बँडस्टँडच्या खडकांवर. भरतीला तिथे पाणी कसं अंगावर येतं हे ज्यानं पाहिलंय त्याला मी का घाबरते ते कळेल.

म्हणून मी म्हटलं, घरी आण तिला.

आली. सोबत मैत्रीण घेऊन आली, ते मला फार आवडलं. मी थालीपीठ लावलं होतं. तिनं लोण्याचा गोळा बाजूला काढला आणि दही मागितलं, तेही न लाजता. आमच्या सासूबाई आतून आल्या, पोरीनं वाकून नमस्कार केला, आणि त्यांचा पहिला प्रश्न, "आडनाव काय गं तुझं?"

तिनं सांगितलं. सासूबाई "हं" म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या 'हं'चा अर्थ महाराष्ट्रात जन्मलेल्या कुणाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे 'अजून लहान आहेस' मध्ये वयाचा भाग किती आणि आडनावाचा किती, हे कधीतरी प्रामाणिकपणे मोजावं. माझ्या चुलतभावाला सतराव्या वर्षी 'शिक्षण पूर्ण कर' सांगितलं, बाविसाव्या वर्षी 'नोकरी लागू दे', आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्याच मुलीसाठी थेट 'आपल्यात बसत नाही'. अकरा वर्षं तो वाढत्या वयाची वाट बघत राहिला, आणि वय हा मुद्दा कधी नव्हताच.

निघताना मी त्या मुलीला लिफ्टपाशी विचारलं, "घरी माहितीये तुझ्या?" तिनं मान हलवली, नाही. मी म्हटलं, "मग पुढच्या वेळी आईला सांगून ये." मला ते बरोबरच वाटलं होतं. उद्या माझी मुलगी असती आणि ती कुणाच्या घरी मला न सांगता थालीपीठ खात असती, तर त्या घरच्या बाईनं हेच म्हणावं असं मला वाटलं असतं. पण आमच्या घरी 'हं' वर निभावलं, तिच्या घरी किती वर निभावेल याचा मी विचारच केला नव्हता. पोरं मोकळेपणानं सांगत नाहीत म्हणून आपण ओरडतो, पण सांगण्याची किंमत प्रत्येक घरात वेगळी असते.

ती परत आली नाही. साधारण महिन्याभरानं एका शुक्रवारी हा लवकर घरी आला, बूट न काढता सोफ्यावर बसला. मी काही विचारलं नाही. वरणभात वाढला, तो त्यानं चिवडला. मग म्हणाला, "ती म्हणाली, आता नको." कारण सांगितलं का, असं विचारणार होते, पण थांबले. माझ्या त्या लिफ्टपाशी बोललेल्या वाक्यानं झालं, आडनावानं झालं की तिलाच कंटाळा आला, मला आजही माहीत नाही.

"काय मेसेज करू?" त्यानं विचारलं.

"काहीच नको करू."

"एकदा तरी?"

"ती नको म्हणाली ना?"

बराच वेळ बसून राहिला. मग उठून फोन फ्रिजवर ठेवला आणि झोपायला गेला. तीन दिवस रात्री फोन फ्रिजवरच असायचा. मी एकदाही बघितला नाही, हे इथे मुद्दाम लिहिते, कारण हात शिवशिवत होते.

मागच्या मंगळवारी मेसेज आला. माटुंगा, तेच हॉटेल, ४० रुपये.

संध्याकाळी जवळून गेला तेव्हा शर्टाला कॉफीचा वास येत होता.