‘विंडोज अपडेट कायमचं बंद करा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मायक्रोसॉफ्ट सुधारणेची आश्वासनं देते आणि मोडते. विंडोज १० शेवटचं म्हणाले, तरी ११ आणलं. विंडोजमधलं रिकॉल हे फीचर तुमच्या स्क्रीनचे फोटो कंपनीला पाठवतं. अपडेट मुद्दाम संगणक संथ करतं. म्हणून अपडेट कायमचं बंद करा, नाहीतर टेलिग्रामवरून ‘लाइट’ विंडोज घ्या. हे वाचून आमच्या काकांनी दुकानाच्या संगणकावर अपडेट बंद करूनही टाकलं. जीएसटी आणि बँक, दोन्ही त्याच संगणकावर!

आश्वासनांचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य. मे २०१५ मध्ये इग्नाइट परिषदेत जेरी निक्सन या मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्याने विंडोज १० ही शेवटची आवृत्ती असल्याचं सांगितलं. ते लेखी वचन नव्हतं, पण कंपनीने ते ठामपणे खोडलंही नाही. ऑक्टोबर २०१८ च्या १८०९ अपडेटने काही जणांच्या फाइल्स पुसल्या. ते थांबवून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावं लागलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये विंडोजचे प्रमुख पवन दावुलुरी ‘एजंटिक ओएस’बद्दल (आपल्या वतीने कामं करणाऱ्या एआयवर चालणाऱ्या विंडोजबद्दल) बोलले तेव्हा लोक भडकले. आहे ते आधी धड चालवा, ही त्यांची मागणी रास्तच आहे.

पण १८०९ हे फीचर अपडेट, म्हणजे नव्या सोयी आणणारं मोठं अपडेट होतं. दर महिन्याचं सुरक्षा अपडेट ही वेगळी गोष्ट आहे, आणि मेसेज नेमकं तेच बंद करायला सांगतो.

रिकॉल फक्त कोपायलट प्लस नावाच्या, एआयसाठी बनवलेल्या नव्या संगणकांवर चालतं. त्याला एआयची कामं करणारी खास एनपीयू चिप आणि किमान १६ जीबी रॅम लागते. पाच-सहा वर्षं जुन्या संगणकात ते नाहीच. २०२४ मधली त्याची पहिली रचना खरंच धोकादायक होती. टीकेनंतर ते लांबलं आणि एप्रिल २०२५ मध्ये, आपण चालू केलं तरच चालेल अशा रूपात आलं. स्क्रीनचे फोटो त्याच संगणकावर, एन्क्रिप्ट करून राहतात.

संथपणाचं म्हणाल, तर अपडेटनंतर काही वेळ इंडेक्सिंग (शोधासाठी फाइल्सची यादी करणं) आणि डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसची तपासणी चालते. जुन्या हार्ड डिस्कवर ते फार जाणवतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा.

आता मुख्य धोका. एसएमबी या विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या यंत्रणेतली फट बुजवणारा एमएस १७-०१० पॅच (दुरुस्ती) १४ मार्च २०१७ ला आला. १२ मे रोजी वॉनाक्राय हे खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर त्याच फटीतून जगभर पसरलं. मधे जवळजवळ दोन महिने होते. पॅच न टाकलेली यंत्रं सापडली. २७ जूनला नॉटपेट्या या दुसऱ्या घातक सॉफ्टवेअरने तीच फट वापरली, शिवाय मेमरीतले पासवर्ड चोरून ते पॅच केलेल्या यंत्रांतही घुसलं. नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने विस्कळीत केलं. म्हणजे ऑफिसातला एक उघडा संगणक शेजारच्यांनाही गोत्यात आणतो.

‘लाइट’ विंडोज त्याहून वाईट. हलकं करण्याच्या नावाखाली त्यातून बहुधा डिफेंडर आणि अपडेटची यंत्रणाच काढलेली असते. आत आणखी काय घातलंय हे तपासायला मूळ हॅश (फाइल बदलली का ते ओळखायचा कोड) नसतो. मायक्रोसॉफ्टच्या पानावरून घेतलेल्या आयएसओचा (विंडोज टाकायच्या फाइलचा) हॅश तिथेच दिलेला असतो, तो पडताळता येतो.

कंपनीवर भरवसा नसेल तर अपडेट बंद करू नका, लांबवा. सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येतं. सेटिंग्जमधून ते आठवडाभर पॉज करा. तोवर मोठा घोळ असेल तर बाहेर येतो. विंडोज ११ मध्ये ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स’ हा स्विच बंद ठेवा. बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहा. तरीही बिघडलं तर अपडेट हिस्ट्रीतून ते अपडेट अनइन्स्टॉल करा.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २२एच२ आवृत्ती असेल तर विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसतं. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्ज सिंक केल्या तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा अपडेट्स पैसे न देता मिळतात.

अपडेट आधीच बंद केलं असेल, तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या यादीत विंडोज अपडेटचा स्टार्टअप टाइप मॅन्युअल करा, स्टार्ट दाबा आणि अपडेट तपासा. लाइट विंडोज टाकलं असेल, तर फाइल्सचा बॅकअप घेऊन डिस्क पूर्ण पुसा, अधिकृत आयएसओ टाका आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.